खाडीकाठची प्रेमकथा आणि उघाडीवरची ती

तुझी चाळीस पानं मी दोनदा वाचली. एकदा रात्री, एका बैठकीत. दुसऱ्यांदा सकाळी, हातात पेन्सिल घेऊन. तू ताई म्हणतेस, म्हणून मीही तू म्हणते.

तुझे प्रश्न तीन. प्रेमकथेत अद्भुताचा स्पर्श किती ठेवला म्हणजे ती भयकथा होणार नाही? भूत खरंच आहे असं दाखवावं, की शेवटी उलगडा करावा? आणि मैत्रिणी म्हणतात की नवी मुंबईत कुठलं आलंय छोटं गाव, तर कथा तळकोकणात हलवावी का?

कथेचा सांगाडाही इथे मांडून ठेवते. गावठाणातली वनिता, आगरी घरातली, बँकेत नोकरीला. नेरुळच्या सेक्टरमधला निनाद, खारफुटीच्या अभ्यासासाठी खाडीवर येणारा. दोघांचं जमतं. पौर्णिमेच्या मध्यरात्री दोघं चिखलातून चालत जुन्या उघाडीपाशी, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दरवाज्यापाशी जातात, तिथे आजीच्या काळात बुडालेल्या मुलीची हडळ दिसते. घरचा विरोध वाढतो. शेवटी ती हडळ वनिताच्या आईच्या अंगात येते, होकार देते, आणि लग्न लागतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीची दोन्ही त्यात अडकलेली आहेत. कथा हलवू नकोस. तळकोकणातलं गाव तू सुट्टीत पाहिलंयस. हे गाव तुझ्या अंगात आहे. १९७० मध्ये सिडको आली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. शेतं गेली, मिठागरं गेली, गावठाणं मात्र जागच्या जागी राहिली. १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली, २००४ मध्ये ठाण्याहून वाशीला थेट गाडी सुरू झाली, चहूबाजूंनी सेक्टर वाढले. आजही सेक्टरच्या रुंद रस्त्यावरून गावठाणाच्या गल्लीत वळलं की दहा पावलांत कोणीतरी म्हातारी विचारते, "कोनाची गो तू?" हा प्रश्न जिथे विचारला जातो ते छोटं गाव. लोकसंख्या किती आहे त्याने फरक पडत नाही. सेक्टरमध्ये निनादला कोणी ओळखत नाही आणि अर्ध्या किलोमीटरवर वनिताला सगळे ओळखतात, ही जोडी तुला तळकोकणात मिळणारच नाही. ही इथलीच गोष्ट आहे.

एवढं मात्र कर. गावाचं नाव काल्पनिक ठेव. दिवाळे, करावे, सारसोळे, घणसोली, गोठिवली ही खरी नावं आजूबाजूला येऊ देत, रस्ते आणि स्टेशनं खरी असू देत, पण ज्या गावात मुलगी बुडाली ते गाव तुझं स्वतःचं असावं. खऱ्या गावाच्या नावावर असा मृत्यू चिकटवला की तिथल्या एखाद्या घरात जुनी जखम उघडू शकते.

आता मूळ मुद्दा.

तुझ्या कथेत भूत आहे, पण त्याला काम नाही. ते येतं, दिसतं, घाबरवतं आणि शेवटी लग्न लावून देतं. मधल्या तीस पानांत ते नसतं तरी काही अडलं नसतं. मी दिवाळी अंकांसाठी तीसेक वर्षं कथा वाचत आले आहे, आणि या जातीच्या कथा जिथे फसतात ती जागा बहुतेक वेळा हीच असते. प्रेम एका बाजूला चालतं, भूत दुसऱ्या बाजूला, आणि लेखिका दोघांची गाठ शेवटच्या पानावर मारते. ही गाठ पहिल्या भेटीतच असायला हवी.

ती कशी, हे मला माझ्या आयुष्यातूनच सांगता येईल. मी ठाण्यात चरईत वाढले. ऐंशीच्या दशकातलं ठाणं म्हणजे मोठं गावच. ज्यांच्याशी पुढे माझं लग्न झालं, त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा तलावपाळीवर बसले, तेव्हा शेंगदाण्याची पुडी संपायच्या आत बातमी घरी पोचली होती. कौपिनेश्वराच्या देवळात आरतीला येणाऱ्या निम्म्या बायका आईच्या ओळखीच्या. रंगायतनच्या बाहेर उभं राहावं, तर बाबांचे मित्र. ग्रंथ संग्रहालयात पुस्तक बदलायला जावं, तर काउंटरवरचे काका नाव विचारत नसत, थेट बाबांची खुशाली विचारत. आम्हाला आवाज न चोरता चार वाक्यं बोलायला अख्ख्या ठाण्यात जागा नव्हती.

मग एक सापडली. नौपाड्यातल्या एका गल्लीत पडका वाडा होता, त्याच्या मागे बुजत आलेली विहीर आणि पिंपळ. पिंपळावर मुंजा आहे असं सगळे सांगत. दिवेलागणीनंतर तिथे कोणी फिरकत नसे. आम्ही दोन पावसाळे तिथल्या पारावर भेटलो. भीती वाटायची, खूप वाटायची. पान हललं तरी मी त्यांचा हात धरायची, आणि हात धरायला तेवढं निमित्त पुरत असे. पण मुंजाने आम्हाला काही केलं नाही. त्याने फक्त लोकांना दूर ठेवलं. लग्नाच्या आदल्या दिवशी मी एकटी जाऊन तिथे नारळ ठेवून आले. कोणी सांगितलं नव्हतं. ज्याच्या आडोशाला बसलो त्याचं देणं द्यावं, एवढंच मनात होतं.

तुझ्या कथेत मला नेमकं हेच हवं आहे. गावातल्या प्रेमात विरोध, जात, पैसा हे सगळं नंतर येतं. आधी येतो जागेचा प्रश्न. आणि प्रत्येक गावात लोकांनी आपणहून सोडून दिलेली एकच जागा असते, ती म्हणजे भुताची. म्हणून वनिता आणि निनाद उघाडीपाशी भुताला बघायला जाऊ नयेत. तिथे कोणी येत नाही म्हणून जावेत. पहिल्या दिवसापासून त्यांच्या प्रेमावर त्या बुडालेल्या मुलीचा आडोसा आहे, आणि तो आडोसा ते फुकट वापरत आहेत. गावदेवीला, राखणदाराला वर्षाचा मान देणारं तुझं गाव आहे. मान चुकला तर काय होतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा कथेचा ताण आपोआप तयार होतो: हिचा मान काय, आणि तो कोण देणार? भीतीच्या जागी देणं आलं की कथा भयकथा होत नाही. स्पर्श किती, हा तुझा पहिला प्रश्न मापाचा आहेच कुठे? ती दोघांची कोण लागते हे एकदा ठरलं, की ती किती वेळा दिसावी हे तुला विचारावं लागणार नाही. माझ्या अंदाजाने ती एकदाही दिसू नये.

आता ती कोण हे पाहू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तू तिला हडळ म्हटलंयस आणि तुझी आजी तसं म्हणणार नाही. हडळ म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणात गेलेली बाई, जिची पावलं उलटी असतात असं म्हणतात. तुझी मुलगी सोळा-सतरा वर्षांची, बिनलग्नाची, पाण्यात गेलेली. तिची हडळ होत नाही. मुंजा होतो तो मुलगा, मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला, आणि त्याला पिंपळ लागतो. तो माझ्या नौपाड्यात शोभतो, तुझ्या खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत नाही. पाण्यातला गिऱ्हा आहे, पण तो ओढून नेणारा, दांडगा. मग उरतात त्या आसरा. साती आसरा, पाण्यातल्या सात बहिणी. त्या भूत नाहीत, देवता आहेत. विहिरीच्या, तळ्याच्या काठी त्यांच्या नावाने हळद-कुंकू वाहतात, हिरव्या बांगड्या वाहतात, ओटी भरतात. आणि तरुण मुलगी पाण्यात गेली की जुन्या बायका हळू आवाजात म्हणतात, आसरांनी नेली. या एका वाक्यात केवढी माया आहे बघ. ती मेली असं कोणी म्हणत नाही. तिला बहिणींनी नेलं. गावाने हे वाक्य तिच्यासाठी शोधलं, कारण खरं कारण बोलायचं नव्हतं. तुझ्या कथेत ते खरं कारण काय, हे तू अजून ठरवलेलं नाहीस. ते ठरव. वाचकाला सगळं सांगू नकोस, पण तुला माहीत हवं.

चकव्याचाही विचार कर. मोकळ्या खाजणात, अंधारात, वाट सापडत नाही, फिरून फिरून माणूस तिथेच येतो, उजाडलं की चकवा सुटतो. यात दोघांना एक अख्खी रात्र एकत्र मिळते, आणि दोष कोणाचाच नसतो. हे निव्वळ कल्पनेतलंही नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली, तो झाकला गेला की आपण सरळच चाललोय असं समजून गोल फिरली. तेव्हा चकवा वापरणार असशील तर आभाळ भरलेलं घे.

यावरून तुझ्या पौर्णिमेच्या प्रसंगाकडे येते. तो प्रसंग सुंदर आहे, फक्त घडू शकत नाही. पौर्णिमेला मध्यरात्री खाडी तुडुंब भरलेली असते. पौर्णिमा आणि अमावास्येला आपल्याकडे पूर्ण भरती साधारण दुपारी बारा आणि रात्री बाराच्या सुमाराला येते, खाडीत आत जावं तसा थोडा उशीर होतो. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हा हिशोब खाडीवरच्या माणसाला तोंडपाठ असतो. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराला. तुझे दोघं पौर्णिमेला मध्यरात्री चिखलातून चालत नाहीत, ते बुडतात. हे वाचून तुझ्या गावातला कोणताही कोळी पुस्तक मिटून ठेवील.

पण हीच चूक तुला केवढं मोठं दान देते आहे ते पाहा. पौर्णिमेला संध्याकाळी खाडी सगळ्यात रिकामी असते. उधाणाच्या दिवसांत भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटी खाली उतरते. सहा-सातच्या सुमाराला पाणी लांबवर मागे गेलेलं, चिखल उघडा, निवट्या मासे टणटण उड्या मारताहेत, तिवराची श्वासमुळं बोटांसारखी चिखलातून वर आलेली, आणि नेरुळच्या दिव्यांच्या मागून चंद्र वर येतोय. त्या क्षणी दोघांच्या हातात सहा तास आहेत. मध्यरात्री ही सगळी जागा पाण्याखाली जाणार. तुला कृत्रिम ताण निर्माण करायची गरजच नाही. चंद्र जसजसा वर येईल तसतसं पाणी चढेल, आणि चंद्र डोक्यावर आला की पायाखाली जमीन नसेल. ती मुलगीही अशीच गेली असेल. कोणाची तरी वाट पाहत बसली, तो आला नाही, आणि पाणी आलं.

फ्लेमिंगो तू श्रावणात आणलेस. ठाण्याच्या खाडीवर ते थंडीपासून मे अखेरपर्यंत भरपूर असतात, पावसाळा लागेपर्यंत बहुतेक थवे निघून जातात. कथा फाल्गुनात न्यायचा विचार कर. होळीची पौर्णिमा मिळेल, पक्षीही मिळतील, आणि अंधारात चिखलावरून त्यांचा बदकासारखा घोगरा आवाज येतो तो तुला मोठा उपयोगी पडेल. निनाद पक्ष्यांचा आवाज ओळखतो. एक आवाज त्याला ओळखता येत नाही.

उघाडीबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास, आणि मला वाटतं कथेचं हृदय तिथेच आहे. तरुण वाचकाला उघाडी म्हणजे काय ते माहीत नसेल. खाजणातल्या भातशेतीभोवती मातीचा बांध असायचा, खारं पाणी आत येऊ नये म्हणून. त्या बांधात एक दरवाजा, त्याला खाडीच्या बाजूने झुलती लाकडी फळी. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी फळी ढकलून बाहेर पडायचं. भरती आली की समुद्राच्याच जोराने फळी मिटायची आणि खारं पाणी अडायचं. माणसाने हात लावायचा नाही, दार आपोआप उघडायचं आणि आपोआप मिटायचं. फळी दगडाच्या चौकटीवर आपटल्याचा आवाज रात्री गावात ऐकू यायचा, त्यावरून बायका भरतीची वेळ ओळखायच्या. बांधाला खांड पडली की अख्खं गाव टोपल्या घेऊन धावायचं. एका रात्रीच्या खाऱ्या पाण्याने पुढची काही वर्षं भात पिकत नसे.

आता शेती नाही. बांध अर्धा भरावाखाली गेला, अर्धा तिवरांत हरवला. तुझ्या कथेतली उघाडी म्हणजे नुसती दगडी चौकट उरलेली असू दे. फळी कुजून तीस-चाळीस वर्षं झाली. हे पहिल्या पाच पानांतच, निनादच्या तोंडून, सहज येऊ दे. तो मोजमाप घेताना वहीत लिहितो: दगडी चौकट शाबूत, फळी नाही. बस. वाचक ते विसरून जाईल.

मग पौर्णिमेचा प्रसंग. तू लिहिलं आहेस:

"पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर आला होता. पांढऱ्या साडीतली ती आकृती हळूहळू त्यांच्याकडे सरकत होती. वनिताच्या काळजाचा ठोका चुकला."

मी असं करून पाहिलं:

"फळी आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा एकदा. निनादने घड्याळ पाहिलं. साडेआठ. पाणी अजून लांब होतं. वनिताने काही न बोलता चपला हातात घेतल्या.

'का गं?'

'उघाडी मिटली. निघायचं.'

बांधावर चढून त्यांनी मागे पाहिलं, तेव्हा ते बसले होते त्या दगडाभोवती पाणी फिरलेलं होतं. निनाद काहीतरी बोलणार होता. त्याने वही उघडली, पान शोधलं, आणि तसाच उभा राहिला."

हे माझं आहे, तू तुझ्या पद्धतीने लिही. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. उलगडा करू नकोस. शेवटी ‘ते सगळं वाऱ्याने झालं’ असं सांगितलंस तर वाचकाला फसवल्यासारखं वाटेल. आणि ती खरंच होती असंही छातीठोक सांगू नकोस. बाकी प्रत्येक गोष्टीला साधं कारण असू दे, पाण्याला, दिव्याला, पक्ष्याला, वाटेला. एकच गोष्ट अशी ठेव की जिला कारण लागत नाही. नसलेल्या फळीचा आवाज. तो कथेत फार तर तीनदा यावा, आणि प्रत्येक वेळी त्याने कोणाला तरी वाचवलेलं असावं. भुताने घाबरवलं तर वाचक पान उलटतो. भुताने काळजी घेतली तर वाचकाचा गळा भरून येतो, आणि प्रेमकथेला तोच हवा असतो.

शेवटाबद्दल मला तुझ्याशी भांडायचं आहे. आईच्या अंगात येऊन होकार मिळणं मला मुळीच मान्य नाही. पहिलं कारण कथेचं: तीस पानं वनिता झगडते आणि निर्णय तिच्याऐवजी भूत घेतं, मग वनिता कशाला हवी? दुसरं कारण आपल्या भोवतालचं. अंगात येण्याच्या नावाखाली किती बायकांना मारझोड झाली, किती जणींना चेटकीण ठरवून गावाबाहेर काढलं, हे आपल्याला माहीत आहे. त्यासाठी या राज्याला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. तुझ्या कथेतला भगत मला चालेल, मीठ-मिरची ओवाळणारी आजी तर हवीच, ती घराघरात आहे. पण दैवी आवाजाने घरातले प्रश्न सुटतात असं तुझ्या लेखणीतून जाऊ नये. तुझं गाव जसं आहे तसं दाखव, त्याला आणखी अंधारात ढकलू नकोस.

मग विरोध कसा सुटेल? आधी विरोध खरा कर. तू लिहिलंस, ‘निनाद परजातीचा म्हणून बाबा चिडले.’ ते आहेच. पण तुझ्या गावात आज लग्न ठरताना आणखी एक कागद मध्ये येतो, तो तू टाळलास. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्या साडेबारा टक्क्यांवर अनेक घरांचं नशीब बदललं. आणि अनेक घरांत मुलीच्या लग्नाआधी तिच्यापुढे हक्कसोड पत्र येऊ लागलं. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, म्हणून तर तिची सही लागते. "सही कर, मग तुझं त्याच्याशी लावून देतो," असं वनिताचा भाऊ शांतपणे, जेवताना म्हणतो, असा प्रसंग लिहून बघ. तिथे ओरडाआरडा नको. आई भात वाढत राहू दे. हा प्रसंग तुझ्या हडळीपेक्षा जास्त अंगावर येईल.

आणि मग बघ कसं जुळतं. आजीच्या काळातल्या त्या मुलीचं नाव कुठे आहे? सातबारावर नाही, तिथे बाप आणि भाऊ. फोटो नाही. शाळेत गेली नाही, म्हणून दाखला नाही. देव्हाऱ्यातल्या टाकांत ती नाही, कारण ती बिनलग्नाची गेली. घरात तिचा विषय निघाला तर ‘आसरांनी नेली’ एवढंच. तिची राहण्याची जागा होती ती उघाडी, आणि तिथेही भराव पडला. गावातल्या माणसांना जमिनीच्या बदल्यात काहीतरी मिळालं. हिला कोणी विचारलं? आता वनिताचं नाव कागदावरून निघणार आहे. दोघी एकमेकींच्या कोण लागतात ते आता तुला वेगळं सांगायला नको. आणि तिचा मान काय, हेही. तिला नारळ नको, कोंबडं नको. तिला नाव हवं आहे.

ते नाव कुठे घेतलं जाईल याची एक फार जवळची जागा तुझ्याकडे आहे, आणि तुझ्या चाळीस पानांत ती आलेलीच नाही याचं मला आश्चर्य वाटलं. धवलारीण. आगरी-कोळी लग्नात विधी सांगणारी, धवले गाणारी बाई. तेराव्या शतकात महदंबेने रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचली तीही धवळेच, इतकी ही वाट जुनी आहे. आज बऱ्याच हळदींत डीजे लागतो आणि धवलारणीला कोपऱ्यात बसवतात, तरी काही घरांत अजून तिच्याशिवाय हळद लागत नाही. ती देवांना लग्नाला बोलावते, गावदेवीला, एकवीरेला, एकेकीचं नाव घेऊन. तुझ्या शेवटच्या प्रसंगात तिने नावं घेता घेता थांबावं, आणि आजीकडे बघावं. आजी, जी साठ वर्षं गप्प आहे, तिने त्या बुडालेल्या मुलीचं, आपल्या बहिणीचं नाव सांगावं. मोठ्याने, मांडवात, सगळ्यांदेखत. धवलारणीने ते नाव धवल्यात घ्यावं.

वनिताने सही केली की नाही, ते त्याआधीच झालेलं असू दे. माझं मत विचारशील तर तिने करू नये, आणि त्याची किंमत म्हणून लग्न गावाच्या मैदानावर न होता घरापुढच्या छोट्या मांडवात व्हावं. भाऊ कदाचित येणार नाही. आईने यावं. आई येते हा तुझ्या कथेतला सगळ्यात मोठा चमत्कार होऊ शकतो, आणि त्यासाठी तिच्या अंगात कोणी यायची गरज नाही.

भाषेचं थोडक्यात सांगते. तुझे गावठाणातले लोक प्रमाण मराठी बोलतात, ते बदल. "मना नाय जायाचं" असं आजी म्हणते तेव्हा ती आजी होते. सगळे संवाद पूर्ण आगरीत हवेत असं नाही, वनिता निनादशी एक बोलते आणि घरात एक, आणि घाबरली की तिच्या तोंडून घरची बोली येते. तेवढं पुरेल. कानाने लिही, आणि शंका आली तर आजीला वाचून दाखव. धवल्यांचंही तिलाच विचार, तुझ्या गावात कोणती नावं आधी घेतात, कोणती नंतर, मी सांगितलेलं प्रमाण मानू नकोस. आणि निनादला थोडं वजन दे. तो आत्ता फक्त चांगला आहे. त्याला सेक्टरमध्ये कोणी ओळखत नाही याचं दुःख असू शकतं, वनिताच्या गल्लीत म्हातारीने "कोनाचा रे तू?" विचारलं तेव्हा त्याला बरं वाटलं असू शकतं.

पहिलं वाक्यही बदल. सूर्यास्ताने सुरू करू नकोस. निनादच्या वहीतल्या त्या नोंदीने कर.

हळदीची रात्र कोणती धरायची ते मी पंचांग समोर घेऊन पाहिलं. वद्य अष्टमी धर. चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो आणि खाडीला त्याच वेळी ओहोटी असते. भांगाचे दिवस, पाणी फार मागे जात नाही, पण काठाजवळचा चिखल उघडा पडतो. धवले संपत आलेले असतील, मांडवातले दिवे मंद झालेले. आजी उठून गल्लीच्या टोकापर्यंत जाईल, जिथून खाडी दिसते, आणि वनिता हळदीच्या अंगाने तिच्या मागे जाईल. चिखलावर चांदणं पसरलेलं असेल. फळीचा आवाज त्या रात्री येऊ देऊ नकोस. चिखलात मांडवाच्या दिशेने आलेली पावलं उमटवायची की नाहीत, ते तू ठरव, आणि लिहून झालं की मला पाठव.